मदत हवी आहे: जेक्यूमध्ये (जेसन डेटा चाळणारं कमांड-लाइन साधन) अख्खा मार्ग व्हेरिएबलमधून कसा द्यायचा?
नमस्कार मंडळी. म्हापशातल्या एका मित्राच्या गेस्टहाउसचं बुकिंग मी बॅश स्क्रिप्टने सांभाळतो. बुकिंगची जेसन फाइल (मजकूर स्वरूपातली रचलेली माहिती) तीन थर खोल आहे: गाव, त्यात खोल्यांची यादी, प्रत्येक खोलीत तारखा. एकेरी अवतरणात शेल व्हेरिएबल उघडतच नाही, हे कळायला अर्धी रात्र गेली (हसू नका). मग --आर्गने (जेक्यूला बाहेरून व्हेरिएबल देणारा पर्याय) गावाचं नाव दिलं, चौकटी कंसात ठेवलं, चाललं.

पण मार्गच, म्हणजे गावापासून तारखेपर्यंतचा टिंबांनी जोडलेला पत्ता, व्हेरिएबलमध्ये असेल तर? टिंबावर स्प्लिट करून (तुकडे पाडून) गेटपाथला, म्हणजे मार्गावरची किंमत काढणाऱ्या फंक्शनला, दिला, तर गाडी खोल्यांच्या यादीशी अडते, कारण तिथला खोलीचा क्रमांक ० आकडा न राहता स्ट्रिंग (मजकूर) होतो. फक्त आकडेवाले तुकडे टूनंबरने (मजकुराचा आकडा करणारं फंक्शन) बदलायचा सुटसुटीत उपाय आहे का? इथे जेक्यू १.६ आहे, आणि चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर आलीय.