जिभेची गाठ एवढीशी, मग मान का उघडायची?

पाणंद:
बाबांच्या जिभेच्या कडेला दीड सेंटिमीटरची कॅन्सरची गाठ आहे. मानेच्या सोनोग्राफीत काही नाही. तरी सर्जन म्हणतात, मानेतल्या ग्रंथीही काढू. अशा दहांपैकी सातेक जणांच्या ग्रंथी स्वच्छच निघतात, त्यांत कॅन्सर नसतोच. आणि मानेच्या ऑपरेशनात खांद्याची नस दुखावू शकते, म्हणजे सात जणांच्या खांद्यांना उगाच धोका. बायोप्सीच्या ब्लॉकवर (मेणात जपलेल्या तुकड्यावर) पी५३, केआय-६७, पोडोप्लॅनिन हे मार्कर, म्हणजे गाठीच्या पेशींतली खुणेची प्रथिनं, तपासून ज्यांना खरा धोका आहे त्यांचीच मान उघडावी, असं माझं ठाम मत आहे.

स्लाइडवाली:
ताई, मी पॅथॉलॉजिस्ट आहे, आणि मला हे पटत नाही. केआय-६७ गाठीच्या कडेला मोजलं तर एक आकडा, मध्ये मोजलं तर दुसरा. 'जास्त' कशाला म्हणायचं, हेही प्रत्येक अभ्यासात वेगळं. बरेचसे अभ्यास एकेका रुग्णालयातल्या जुन्या ब्लॉकवरचे. स्तनाच्या कॅन्सरमध्ये ईआर किंवा हर२ हे मार्कर बघून औषध ठरतं. इथे अजून मार्करवर मान सोडता येत नाही. टाटा मेमोरियलच्या २०१५ च्या चाचणीत गाठीबरोबरच मानेचं ऑपरेशन केलेल्यांपैकी ८० टक्के तीन वर्षांनी हयात होते, मानेत गाठ येईपर्यंत वाट पाहिलेल्यांत ६७.५ टक्के. एवढा फरक मी मार्करच्या एका रंगावर सोडणार नाही. गाठ किती मिलिमीटर खोल गेलीय, ते विचारा; जितकी खोल, तितका ती मानेत पसरण्याचा धोका जास्त. २०१७ च्या स्टेजिंगमध्ये (कॅन्सरची पायरी ठरवण्याच्या नियमांत) खोली धरली गेली ती उगाच नाही.

पाणंद:
पण खरी खोली कळते ती गाठ काढल्यावर! बायोप्सीचा तुकडा वरवरचा. निर्णय तर आधीच घ्यायचाय. मार्कर हवेत ते नेमके इथेच.

उजवा_खांदा:
माझ्या मानेचं ऑपरेशन झालं, ग्रंथी स्वच्छ निघाल्या. दोन वर्षं झाली, हात वर नेऊन अजून शर्ट घालता येत नाही. ताईंचा प्रश्न मला रास्त वाटतो. आणि आपल्याकडे तंबाखूमुळे गालाचे, हिरडीचे कॅन्सर जास्त. मार्कर आपल्याच रुग्णांवर पारखायला हवेत.

स्लाइडवाली:
दादा, पारखायला हवेत, यात दुमत नाही. खोलीचा अंदाज एमआरआयवरून येतो. काही केंद्रांत आधी सेंटिनल ग्रंथी, म्हणजे कॅन्सर पसरला तर जिथे तो सर्वात आधी पोचेल ती, काढून तपासतात; ती स्वच्छ असेल तर मान वाचू शकते. ताई, सर्जनना या आठवड्यातच हे दोन्ही विचारा. मार्करसाठी ऑपरेशन मात्र लांबवू नका.