मदत हवी आहे: स्कायरिम (व्हिडिओ गेम), सिद्ना खाणीतून सुटताना चिलखतही हवं आणि थोनारही जिवंत हवा

मार्कार्थ शहराखालच्या चांदीच्या खाणीत, जी तुरुंगही आहे, म्हणजे सिद्ना माइनमध्ये, 'नो वन एस्केप्स सिद्ना माइन' या क्वेस्टवर (गेममधल्या मोहिमेवर) अडलोय. स्पेशल एडिशन, पीएस4, एकही मॉड नाही. म्हणजे कन्सोल कमांडचा (पीसीवर टाइप करायच्या चीट-आज्ञांचा) उपाय बाद.

पहारा देणाऱ्या बोर्कुलला ओलांडून फोर्सवॉर्न बंडखोरांचा कैदेतला म्होरक्या मदानाख याच्यापर्यंत पोचलो, कैदी ब्रेगची कहाणी ऐकली, कैदी ग्रिस्वारलाही संपवलं (बिचारा, नावातच 'दुर्दैवी'). इथवरचं सांगू नका, ते झालंय.

दोन्ही वाटा करून पाहिल्या. मदानाखला खाणीतच मारलं, त्याच्याकडची किल्ली घेऊन बाहेर आलो, तर खाणीचा मालक थोनार सिल्व्हर-ब्लड जिवंत आणि त्याच्याकडून बक्षीस म्हणून अंगठीही मिळते. पण 'आर्मर ऑफ द ओल्ड गॉड्स' हा चिलखताचा सेट हातचा जातो. मदानाखसोबत पळालो, तर ड्वेमर (प्राचीन लुप्त वंश) अवशेषांतल्या शेवटच्या दारापाशी चिलखत मिळतं, पण शहरात पाय ठेवताच फोर्सवॉर्न थोनारवर तुटून पडतात आणि तो मरतो. मी धनुर्धारी, हलकं चिलखत वापरणारा. त्या सेटचे हातमोजे धनुष्याचं नुकसान वाढवतात, म्हणून सेट सोडवत नाही. अंगठी नाही मिळाली तरी चालेल.

सेव्ह त्या शेवटच्या दाराच्या आतच आहे, चिलखत मिळालेलं, मदानाख आणि त्याची माणसं शेजारी उभी. इथेच, दार उघडण्याआधी, त्या सगळ्यांना मारलं तर क्वेस्ट नीट पूर्ण होते का, आणि बाहेर थोनार जिवंत भेटतो का? कुणी प्रत्यक्ष करून पाहिलंय?