गॅरिंचाकडं खरंच एकच डॉज होता का?

राइट विंगची आई:
माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे, कोल्हापुरात आमच्या तालमीच्या फुटबॉल संघातून राइट विंगला, म्हणजे उजव्या कडेनं चढाई करत, खेळतो. सर म्हणतात, "तुझ्याकडं एकच डॉज (चेंडू घेऊन समोरच्याला चकवायची युक्ती) आहे, दुसरा शीक." मोठे दीर म्हणतात, ब्राझीलचा जुना राइट विंगर गॅरिंचा, त्याच्याकडंही एकच होता. खरं आहे का हे? मग समोरचा बॅक रोज कसा फसायचा?

जुना लेफ्ट बॅक:
ताई, बरंचसं खरं आहे. मी बारा वर्षं लेफ्ट बॅक, म्हणजे राइट विंगला अडवणारा, खेळलो, त्यामुळं फसणाऱ्याच्या बाजूनं सांगतो. गॅरिंचा चेंडू पायाशी घेऊन चक्क थांबायचा. बॅक पुढं आला तर पाठीमागं रान मोकळं. नाही आला तर हा उभाच. मग तो अंग डावीकडं झुकवायचा. हा उजवीकडूनच जाणार हे बॅकला पक्कं माहीत, तरी वजन दुसऱ्या पायावर जायचंच. डोकं सांगतं ते पाय ऐकत नाहीत, मी भोगलंय. त्यातून त्याचे दोन्ही पाय एकाच बाजूला वाकलेले, एक आखूड. जोर कुठल्या पायावर आहे ते कळणार कसं?

1958 च्या वर्ल्ड कपची फायनल मुलाला दाखवा. 9 व्या मिनिटाला उजवीकडून गोलरेषेपर्यंत धाव, आत पास, साथीदार वावाचा गोल. 32 व्या मिनिटाला पुन्हा जवळजवळ तेच! 1953 मध्ये बोटाफोगो क्लबच्या चाचणीत त्यानं निल्टन सांतोसला असंच चकवलं. तो मोठा लेफ्ट बॅक, पण राग न धरता क्लबला म्हणाला, याला घ्या. मला त्याचं फार कौतुक वाटतं.

मुलाला आधी थांबायला शिकवा.

रविवार मैदान:
सरांचंही ऐका. 1962 च्या वर्ल्ड कपला पेले दुसऱ्याच सामन्यात जखमी झाला, तेव्हा गॅरिंचानं इंग्लंडला हेडरनं आणि लांबून मारून दोन गोल केले. सेमीफायनलला चिलीविरुद्ध आणखी दोन, त्यातला एक डाव्या पायानं. विंगवरचा डॉज एकच, पण गरज पडली तेव्हा बाकी सगळं होतं.

राइट विंगची आई:
दोघांचे आभार. पुढं त्याचं काय झालं?

जुना लेफ्ट बॅक:
गुडघा गेला, दारूनं पोखरलं. 20 जानेवारी 1983 ला गेला, 49 वर्षांचा होता. ब्राझीलकडून 50 सामने खेळला, हरला फक्त शेवटचा, 1966 मध्ये हंगेरीशी. पेले आणि तो दोघं मैदानात असताना ब्राझील कधीच हरलं नाही. लोक त्याला 'जनतेचा आनंद' म्हणायचे. थडग्यावरही तेच कोरलंय.