अभ्यासिकेच्या बॉक्सवर ‘बायनॉरल’? काहीही!

जोडतार: कालच्या पोस्टमधला सल्ला: अभ्यासिकेत ब्लूटूथ बॉक्सवर 10 हर्ट्झचे बायनॉरल बीट्स लावा, पोरांची एकाग्रता वाढते. अहो, बॉक्सवर लावलं की ते बायनॉरल राहतच नाही! डाव्या कानात 200 आणि उजव्यात 210 हर्ट्झचे असे वेगवेगळे सूर गेले तरच ब्रेनस्टेममध्ये, म्हणजे मेंदूच्या बुंध्यात, फरकाचे 10 ठोके तयार होतात. बाहेरच मिसळले तर 205 च्या एकाच सुराचा आवाज सेकंदाला 10 वेळा लहान-मोठा होतो, बस्स. शिवाय 10 हर्ट्झ म्हणजे मेंदूची अल्फा लहर, निवांतपणाची. डोळे उघडले, डोकं चालवलं की अल्फा ओसरते, हे हान्स बर्गरच्या ईईजीपासून (मेंदूच्या विद्युत लहरींची नोंद) माहीत आहे. अभ्यासाला नेमकी तीच हवी?

शेंगाचटणी: पोस्ट माझी. बाहेर मिसळले तर बिघडलं काय? त्याला मोनॉरल म्हणतात, आणि ईईजीत त्याचा प्रतिसाद बायनॉरलपेक्षा ठळक येतो, कारण ठोका कानापर्यंत तयार होऊनच पोचतो. आयसोक्रॉनिक घ्या, एकच सूर चालू-बंद. हेडफोनची कटकटच नको.

जोडतार: मग मोनॉरल लिहायचं होतं! आणि ईईजीत लहर उमटली म्हणून गणित सुटत नाही. बायनॉरलचा 2023 चा आढावा बघा: 14 अभ्यासांपैकी मेंदूच्या लहरी ठोक्यांशी जुळल्याचं 5 मध्ये, 8 मध्ये उलट, 1 अधांतरी.

शेंगाचटणी: त्या 14 मध्ये सूर वेगळे, वेळ वेगळी, मोजणी वेगळी. सोयीचा आकडा तेवढा उचललात.

मागवाला: तुमचं अल्फा-बीटा चालू द्या. साधा माग मिनिटाला 120 पिक, म्हणजे धोट्याच्या 120 फेऱ्या धरा, सेकंदाला 2. तुमच्या हिशेबाने डेल्टा लहर, गाढ झोप! सोलापूरच्या पूर्व भागातले विणकर मागावर उभ्या उभ्या घोरले असते की बे.

शेंगाचटणी: एका मागाचं गणित अख्ख्या शेडला लावू नका. प्रत्येक धोट्याचा ठोका वेगळ्या क्षणी पडतो. त्यात लय कुठली, नुसता गोंगाट.

मागवाला: गोंगाटाचंच बोलतोय! शेजारी शेड असली की पोरगं हेडफोनचा आवाज वाढवणार. डब्ल्यूएचओचा हिशेब आठवड्याचा आहे: 80 डेसिबलला 40 तास, 90 ला फक्त 4. कानातल्या केसपेशी मेल्या की परत येत नाहीत. विणकरांच्या बहिरेपणावर कधी धागा निघाला का इथे?

जोडतार: काढा वेगळा, तिथे येतो. इथे फाईलचं बोलू. ऑडासिटीत (आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर) दोन मोनो ट्रॅक, साइन म्हणजे शुद्ध सूर 200 आणि 210 हर्ट्झ, ॲम्प्लिट्यूड (आवाजाची पातळी) 0.2. एक पूर्ण डावीकडे, दुसरा पूर्ण उजवीकडे पॅन करा, म्हणजे त्याच बाजूला वळवा. दोन्ही टोकांना 5 सेकंद फेड, म्हणजे आवाज हळूहळू चढवा-उतरवा, नाहीतर ‘टक’ वाजतं. वेव्ह (WAV) फाईल एक्सपोर्ट करा; कमी बिटरेटच्या एमपी3 मध्ये जॉइंट स्टिरिओ डावं-उजवं कालवतो. मोबाईलमधला ‘मोनो ऑडिओ’ (दोन्ही कानांत एकच आवाज) बंद आहे ना बघा. मग एका कानातला इअरफोन काढा: सूर सपाट झाला तर बरोबर, ठोके चालूच राहिले तर फाईल किंवा फोन मोनो करतोय.

शेंगाचटणी: बघितलं. माझी फाईल एका कानातही धडधडतेय. पोस्टमध्ये ‘मोनॉरल’ केलं, 10 हर्ट्झचा दावा अभ्यासाऐवजी डोळे मिटून विश्रांतीसाठी केला. झालं समाधान, गुरुजी?

मागवाला: आवाज किती, ते लिहिलंच नाही.

शेंगाचटणी: शेजारचा हळू बोलला तरी ऐकू यावा, इतका. लिहिते.