जुन्या जिप्सीतला वाऱ्याचा आणि केबिनचा आवाज कसा कमी करावा?

कातळवाट, पुणे (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे २००८ सालची, पत्र्याच्या टपाची मारुती जिप्सी किंग आहे. भोर-वेल्ह्याच्या कच्च्या वाटांवर तिने मला कधीही अडकवून ठेवलेले नाही आणि ती विकण्याचा विचारही माझ्या मनात नाही. अडचण येते ती महामार्गावर. गेल्या महिन्यात आईला अंबाबाईच्या दर्शनासाठी कोल्हापूरला घेऊन गेलो, तेव्हा खंबाटकी ओलांडल्यावर गाडीने ताशी ८० चा वेग धरला आणि शेजारी बसलेल्या आईचे बोलणे मला ऐकू येईनासे झाले. घरी परतल्यावर तिचे डोके दोन दिवस जड होते. ती स्वतःहून काही बोलली नाही, पण पुढच्या वेळी बसने जाऊ, असे तिने हळूच सुचवले आणि ते मला फार लागले.

उजव्या कानाशी शिट्टीसारखा वारा, पायाखाली एकसारखी घरघर आणि डोक्यावर टपाचा घुमारा असे तीन आवाज मला वेगवेगळे जाणवतात. मोबाइलवरील मापक ८० च्या वेगाला ८१ डेसिबल दाखवतो. दोन वर्षांपूर्वी एका दुकानातून फरशीवर डांबरी शीट बसवून घेतली होती, परंतु तिच्यामुळे फारसा फरक पडला नाही आणि एप्रिलमध्ये गाडीत डांबराचा वास मात्र येऊ लागला. आता संपूर्ण केबिनला डॅम्पिंग शीट लावण्याचा खर्च २५ हजार रुपये सांगितला जात आहे. तो करावा का? की सुरुवात दुसरीकडून करावी?

घाटमाथा, सातारा

तो खर्च आज करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. डॅम्पिंग शीट थरथरणारा पत्रा शांत करते, परंतु फटीतून आत येणाऱ्या वाऱ्यावर तिचा काहीही परिणाम होत नाही. ध्वनिशास्त्रातला एक साधा हिशोब येथे लागू पडतो: एखाद्या भिंतीत तिच्या क्षेत्रफळाच्या शंभराव्या हिश्श्याएवढी फट असेल, तर भिंत कितीही जाड केली तरी ती सुमारे २० डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडवू शकत नाही. म्हणून आधी फटी शोधाव्यात आणि पत्र्याकडे नंतर वळावे.

आवाज कोठून येतो हे ओळखण्यासाठी पहाटे, वारा पडलेला असताना, सरळ आणि मोकळ्या रस्त्यावर गाडी ८० वर न्यावी, क्षणभर न्यूट्रल करावी आणि अॅक्सिलरेटरवरून पाय काढावा. इंजिन मात्र बंद करू नये, कारण ब्रेकला मिळणारे साहाय्य त्याच्यावरच अवलंबून असते. आवाज लगेच उतरला तर तो इंजिन-गिअरबॉक्सकडचा समजावा, आणि तसाच राहिला तर वाऱ्याचा, टायरचा किंवा चाकांबरोबर फिरणाऱ्या भागांचा. काँक्रीटवरून डांबरावर येताच बदलणारा आवाज बहुतेक वेळा टायरचा असतो. आपण मड टेरेन (चिखलासाठीचे, खोल खाचांचे) टायर वापरत असाल, तर त्यांच्या मोठ्या ठोकळ्यांची गुंज कोणतीही शीट पूर्णपणे घालवू शकणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

वाऱ्यासाठी रंगाऱ्याची मास्किंग टेप हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचे साधन आहे. दारांच्या सर्व कडा, समोरच्या काचेच्या रबराची कड आणि मागच्या दाराची फट बाहेरून टेपने बंद करावी. आपण आत बसल्यावर आपल्या दाराची टेप दुसऱ्या कोणीतरी लावावी. ही टेप कागदी असल्याने दार जोराने ढकलताच फाटते, त्यामुळे अडकून पडण्याची भीती नसते. एक फेरी मारावी, मग एकेक कड उघडी करत पुन्हा त्याच रस्त्यावरून जावे. जी कड उघडी केल्यावर शिट्टी परत येते, ती दोषी. टपावर कॅरिअर असेल तर तेही एका फेरीसाठी उतरवून पाहावे.

दोषी कड सापडली की दहा रुपयांची नोट घ्यावी, ती बीडिंगवर (दाराच्या चौकटीभोवतीच्या रबरी पट्टीवर) ठेवून दार लावावे आणि नोट ओढावी. दाराच्या पूर्ण घेऱ्यात वीतभर अंतराने हे करावे. जेथे नोट अलगद निघून येते, तेथे दाब नाही. अशा वेळी लोक थेट नवे बीडिंग आणतात, पण अनेकदा खांबावरचा लॉकचा स्ट्रायकर (ज्यात दाराचे कुलूप अडकते तो खिट्टा) एखादा मिलिमीटर आत सरकवणे पुरेसे असते. सैल करण्यापूर्वी त्याची मूळ जागा पेन्सिलीने आखून ठेवावी. बीडिंग खरोखरच दबून चपटे झाले असेल तर ते बदलावे, आणि बदलताना त्याखालच्या पत्र्याच्या कडेचा गंज घासून, प्रायमर लावून मगच नवे बसवावे. रबराला सिलिकॉन ग्रीस चालते, पण इंजिन ऑइल किंवा साधे ग्रीस लावू नये, त्याने रबर फुगून खराब होते.

वेगाविषयीही थोडे सांगतो. वाऱ्याच्या आवाजाची शक्ती साधारणपणे वेगाच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात वाढते. म्हणजे गाडी ८० वरून ७० वर आणली, तर केवळ तेवढ्यानेच वाऱ्याचा आवाज सुमारे साडेतीन डेसिबलने उतरतो. आईसोबत असताना हा उपाय आजपासूनच करता येईल.

पानापकड, नाशिक

वरील उत्तर योग्य आहे, पण पायाखालच्या घरघरीबद्दल मला सविस्तर लिहावेसे वाटते, कारण जिप्सीवर मी अनेक वर्षे हात काळे केले आहेत. या गाडीत ट्रान्सफर केस (इंजिनची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांकडे वाटणारी पेटी) गिअरबॉक्सला जोडलेली नसून तिच्या मागे स्वतंत्रपणे चासीवर रबरी माउंटिंगवर टांगलेली असते आणि दोघांमध्ये एक आखूड शाफ्ट असतो. ही रबरे तडकली किंवा गळत्या तेलाने मऊ पडली, की ट्रान्सफर केसची थरथर चासीमार्गे थेट फरशीत उतरते. गाडी उभी असताना, इंजिन बंद करून आणि चाकांना अडण्या लावून, खालून पहारीने केसवर हलका दाब द्यावा. रबराची भेग उघडताना डोळ्यांना दिसते. तीनही माउंटिंग एकदमच बदलावीत, कारण एकच नवे घातले तर सगळा भार त्याच्यावर येतो.

त्याच वेळी प्रोपेलर शाफ्टचे (चाकांकडे ताकद नेणाऱ्या लांब दांड्याचे) क्रॉस, म्हणजे त्याच्या टोकांचे फिरते सांधे, हाताने पिळून पाहावेत आणि शाफ्ट उतरवण्यापूर्वी दोन्ही फ्लँजवर (बोल्टने जोडलेल्या चकत्यांवर) खूण करावी, म्हणजे तो जसाच्या तसा परत बसेल. मोठ्या, सौम्य वळणावर गुंज एका बाजूला वाढत आणि दुसऱ्या बाजूला कमी होत असेल, तर चाकाच्या बेअरिंगचा संशय घ्यावा. गिअर आणि फोर-व्हील या दोन्ही लिव्हरांची रबरी बूट पाहायला विसरू नये. ती फाटलेली असतील तर खालचा सगळा आवाज त्या भोकांतून सरळ कानात येतो.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. केबिन हवाबंद करण्याच्या मागे लागण्यापूर्वी एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे (इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या पहिल्या नळीचे) गॅस्केट आणि सायलेन्सरचे सर्व सांधे तपासून घ्यावेत. सांध्याभोवती काजळीचा काळा पट्टा दिसला तर तेथे गळती आहे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. फरशीतल्या आणि फायरवॉलमधल्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातल्या) भोकांतून तो आत शिरत असेल, तर बंद केबिनमध्ये तो साचतो. ही तपासणी झाल्याशिवाय काचा बंद करून लांबचा प्रवास करू नये.

कातळवाट, पुणे

दोघांचेही मनापासून आभार. सलग तीन रविवार याच कामात घालवले. टेप काढत गेलो आणि उजव्या दाराची वरची मागची कड उघडी करताच शिट्टी परत आली. तेथे नोट नुसती निसटत होती. स्ट्रायकर थोडा आत घेतल्यावर ती आता ओढावी लागते. ट्रान्सफर केसचे एक माउंटिंग आरपार तडकले होते, म्हणून तिन्ही बदलली. फोर-व्हीलच्या छोट्या लिव्हरचे बूट पार फाटलेले होते, तेही बदलले. सायलेन्सरचे सांधे कोरडे आणि स्वच्छ निघाले. कॅरिअर आता फक्त गरजेपुरते चढवणार आहे. त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला मोबाइल आता ७६ दाखवतो. त्याचा आकडा प्रयोगशाळेइतका अचूक नसेल, पण आधीचे आणि आताचे मोजमाप एकाच फोनने, एकाच जागी ठेवून केले आहे. टपाचा घुमारा मात्र तसाच आहे. आता शीटचा विचार करावा का?

खाडीकाठ, रत्नागिरी

आता करावा, परंतु केवळ टपाचा आणि दारांच्या बाहेरच्या पत्र्याचा. आतले छत उतरवून टपावर बोटाच्या पेराने टकटक करत जावे. आडव्या पट्ट्यांजवळ आवाज दबका येतो आणि दोन पट्ट्यांच्या मधोमध पत्रा डब्यासारखा वाजतो. शीट तेवढ्या मधल्या भागावर हवी. पत्र्याचा पाव ते एकतृतीयांश भाग झाकला तरी बहुतेक घुमारा बसतो, त्यामुळे संपूर्ण टप मढवण्यात पैसे आणि वजन दोन्ही वाया जातात. शीट बुटाइल रबराची, वर अॅल्युमिनियमचा थर असलेली घ्यावी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात डांबरी शीट टपावर अजिबात टिकत नाही. पत्रा स्पिरिटने पुसून, शीट लावून लोखंडी रोलरने इतकी दाबावी की अॅल्युमिनियमवरची नक्षी सपाट झाली पाहिजे. तिच्यावर बंद छिद्रांचा फोम लावावा. गादीचा स्पंज लावला तर तो पावसाळ्यातले दमट वारे शोषून पत्र्याला चिकटून राहतो. कोकणात असे सडलेले टप मी पाहिले आहेत.

दारांच्या तळाशी असलेली पाणी निघण्याची भोके कोणत्याही परिस्थितीत झाकू नयेत. फरशीवरची डांबरी शीट मात्र आपण काढून टाकावीच, कारण तिच्याखाली ओल धरली आहे की नाही हे वरून कळत नाही. थंडीच्या पहाटे ती कडक झालेली असताना लाकडी ठोकळा आणि बोथट पटाशीने तिचे तुकडे सहज निघतात, उन्हात मात्र ती च्युइंगमसारखी ताणत राहते. खाली गंज दिसला तर आधी त्याचे काम करावे आणि फरशीला मग महिनाभर तसेच उघडे ठेवून पाहावे. नवी माउंटिंग बसल्यानंतर तेथे शीटची गरज उरलीच नसेल, अशी शक्यता मला बरीच वाटते.