प्रतिसाद: आवेग कमी होत नाही

उंचावरून उडी मारून गुडघे वाकवत टेकलं की ‘आवेग कमी होतो’ (आवेग म्हणजे बल गुणिले ते लागलेला वेळ) म्हणून इजा होत नाही, असं वरच्या लेखात लिहिलंय. ते पटलं नाही. आवेग म्हणजेच संवेगातला (वस्तुमान गुणिले वेग) बदल, म्हणून तो तेवढाच राहतो; वाढतो तो थांबायला लागणारा वेळ. आपल्या बडोद्यात तालमीत मल्लखांबावरून उतरणारी पोरं नीट बघा: आधी चवडे टेकतात, मग टाचा, मग गुडघे पार मुडपतात. ५० किलोचा मुलगा सव्वा मीटरवरून उतरला तर टेकताना वेग सेकंदाला ५ मीटर (गुरुत्व त्वरण १० धरून), म्हणजे संवेग ५० × ५ = २५०; थांबायच्या वेळाने त्याला भागलं की सरासरी बल. ताठ पायांनी ०.०५ सेकंदात थांबला तर सरासरी बल ५००० न्यूटन, पाव सेकंद घेतला तर १०००.

पण हे परिणामी बल झालं, म्हणजे सगळ्या बलांची दिशेसकट बेरीज, आणि हे या चर्चेत कुणीच म्हटलेलं नाही. जमीन तळपायांवर लावते त्या बलात वजनाचे ५०० न्यूटन मिळवावे लागतात: ५५०० आणि १५००. अकरावीला शिकवताना मी आधी दोन बाण काढून घेते, खाली वजन, वर जमिनीचं बल, मगच सूत्र. वरचा बाणही ५०० चाच काढला तर मुलगा थांबणारच नाही, त्याच वेगाने खाली जात राहील, हे मुलांना चित्रावरूनच दिसतं.