मदत हवी आहे : उथळ उपसागराला झेपेल एवढ्या नायट्रोजनची मर्यादा कशी ठरवावी?

चिंचोळ्या मुखाच्या एका उथळ उपसागरासाठी नायट्रोजन आणि फॉस्फरस यांच्या वार्षिक भाराची (वर्षभरात पाण्यात येऊन मिसळणाऱ्या प्रमाणाची) कमाल मर्यादा ठरवणारे गणिती प्रारूप मी तयार करीत असून, तळाच्या पाण्यापाशी अडलो आहे. नद्यांचा व सांडपाण्याचा भार, भरती-ओहोटीने होणारी पाण्याची अदलाबदल आणि शैवालाची वाढ हे सारे दोन थरांत बसवले आहे. पृष्ठभागावरील हरितद्रव्याचे आकडे मोजमापांशी बऱ्यापैकी जुळतात. तळाचे मात्र जुळत नाहीत. उन्हाळ्यात पहाटे तिथला विरघळलेला प्राणवायू लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या खाली उतरलेला मापकावर दिसतो, आणि प्रारूप त्याच वेळी ४ दाखवते.

माझा संशय गाळावर आहे. प्राणवायू संपला की लोहाशी बांधलेला फॉस्फरस सुटून पाण्यात येतो, शिवाय नायट्रीकरण (जिवाणूंकडून अमोनियमचे नायट्रेटमध्ये होणारे रूपांतर) थांबल्याने अमोनियमही साचते; म्हणजे बाहेरचा भार निम्मा केला तरी आतला पुरवठा काही काळ चालूच राहणार. हा पुरवठा मी वर्षभर स्थिर धरला होता. (सोयीसाठी धरलेली गृहीतके अशीच अंगाशी येतात.)

अमेरिकेतील चेसापीक उपसागरासाठी २०१० मध्ये नायट्रोजनची मर्यादा वर्षाला १८.५९ कोटी पौंड ठरली, तेव्हा प्रारूपात गाळाचा स्वतंत्र भाग होता. माझ्याकडे गाळाचे जेमतेम सहा नमुने आहेत. एवढ्यावर प्राणवायूनुसार बदलणारे एखादे साधे समीकरण पुरेल का, आणि अनिश्चिततेपोटी मर्यादेतून राखून ठेवायचा सुरक्षा-वाटा आपण कशाच्या आधारे ठरवता, हे कृपया अनुभवी सभासदांनी सांगावे.